डेंग्यू डोंगर चढतोय, दोष कुणाचा? तापमानाचा की आपल्या पिंपांचा?

कात्रजचा बोका :
नेपाळमध्ये डेंग्यूचा पहिला रुग्ण नोंदला गेला २००४ मध्ये. २०२२ च्या साथीत आकडा पन्नास हजारांवर गेला आणि मोठा तडाखा बसला तो १३०० मीटरवरच्या काठमांडू खोऱ्याला. तराईतला, म्हणजे तिथल्या सखल मैदानातला, आजार डोंगरावर पोचला.

कारण सरळ आहे. डासाने चावून घेतलेला विषाणू त्याच्या लाळेत उतरायला २५ अंशांना सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंशांना साडेसहा. डासाचं आयुष्य जेमतेम दोन-चार आठवड्यांचं. थंड हवेत बरेचसे डास त्याआधीच मरतात. हवा तापली की ही सूट संपते. दरवेळी पालिकेच्या नावाने खडे फोडण्यात काय अर्थ आहे?

गच्चीवाली :
अजिबात पटलं नाही. अमेरिकेतलं लारेडो आणि मेक्सिकोतलं नुएवो लारेडो, मध्ये फक्त एक नदी. हवा तीच. १९९९ च्या साथीनंतर तिथे तपासणी झाली, तर डास जास्त अमेरिकेच्या बाजूला आणि डेंग्यू जास्त मेक्सिकोच्या बाजूला! फरक बंद खिडक्या आणि एसीचा.

आपल्याकडे बघा. भारतात नोंदलेले मलेरियाचे रुग्ण २०१५ मध्ये अकरा लाखांवर होते, २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास. या आठ वर्षांत पारा उतरला होता का?

पाणकोंबडा :
+१. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी डेंग्यूचे पाच रुग्ण. अळ्या सापडल्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि 'ऑक्सिजन देणाऱ्या' मनीप्लांटच्या बाटलीत. बाटली अध्यक्षांची होती, त्यामुळे इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही.

कात्रजचा बोका :
@गच्चीवाली, मलेरियाची फुटपट्टी डेंग्यूला लावू नका. मलेरियाचा डास मुख्यतः रात्री चावतो, तिथे औषधी मच्छरदाणी कामी येते. डेंग्यूचा डास, एडिस, दिवसाउजेडी चावतो. ऑफिसात मच्छरदाणी लावून बसणार का? आणि एसीचं म्हणाल तर तो आपल्याकडे किती घरांत आहे?

पुण्याचाच अभ्यास घ्या. आयआयटीएम या इथल्या हवामान संशोधन संस्थेच्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलाय. सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि बेताचा, सगळीकडे सारखा विभागलेला पाऊस, असं जुळून आलं की डेंग्यूचे मृत्यू वाढतात. असंच तापत राहिलं तर हे मृत्यू आणखी वाढतील, असाही त्यांचा अंदाज आहे.

गच्चीवाली :
त्याच अभ्यासात हेही आहे की आठवड्याला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात. ते बरं सोयीस्करपणे गाळलंत! आणि वाहून जायला आधी त्या उघड्यावरच्या टायरात असाव्या लागतात. टायर तिथे कुणी टाकला? हवामानाने?

वऱ्हाडी ठेचा :
एक बाळबोध शंका. डेंग्यू पसरायला २९ अंशांच्या आसपासचं तापमान सगळ्यात सोयीचं आणि ३४ च्या पुढे प्रसार जवळपास थांबतो, असं वाचलंय. आमच्याकडे मे महिन्यात ४५! मग तापमानवाढीने विदर्भाचा फायदाच व्हायला पाहिजे ना?

कात्रजचा बोका :
४५ अंश तुमच्या अंगणात. एडिस राहतो घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, आणि अंडी घालतो कूलरच्या टाकीत. उन्हाळा लांबला की कूलर जास्त दिवस चालतो. नळाला चार दिवसांनी पाणी आलं की घरात पिंपं वाढतात. पिंपं आपली हे कबूल, पण ती भरून ठेवायला लावतंय कोण?

गच्चीवाली :
नळाला चार दिवसांनी पाणी येण्यामागे नियोजनाचा भोंगळपणा आहे. तोही पाऱ्याच्या खात्यावर टाकलात तर पालिकेला अजून काय हवं!

@वऱ्हाडी ठेचा, तुमच्या कामाचं सांगते. कूलर नुसता रिकामा करून माळ्यावर टाकू नका. अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. ब्रशने खसखसून घासा, मग ठेवा. आणि कूलरची गवताची पॅड फेकून द्या.