क्लायंटना गोल्फ स्पर्धेला न्यायचंय आणि मला गोल्फमधलं काहीच कळत नाही

अनघड_वाट

नमस्कार मंडळी,

मी एका कंपनीत मोठ्या ग्राहकांची खाती सांभाळते. एका व्यावसायिक गोल्फ स्पर्धेत आमच्या कंपनीने या वर्षी हॉस्पिटॅलिटी घेतली आहे. अठराव्या ग्रीनला (चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला) लागून असलेल्या दालनात बारा जणांचं टेबल आहे, शुक्रवारचं. शिवाय बुधवारच्या प्रो-ॲममध्ये, म्हणजे व्यावसायिक आणि हौशी एकत्र खेळतात त्या सामन्यात, एक जागा मिळाली आहे. पाहुणे ठरवण्यापासून त्यांना गाडीत बसवून देईपर्यंत सगळं माझ्याकडे आलंय.

साहेबांचा आग्रह आहे की जेवणानंतर अर्धा तास नव्या उत्पादनाचं प्रेझेंटेशन ठेवावं, सगळे एका जागी सापडताहेत म्हणून. मला ते खटकतंय, पण का खटकतंय हे त्यांना पटेल असं सांगता येत नाही.

बाकीच्या शंका: बारापैकी पाहुणे किती आणि आमची माणसं किती? दिवसभर लोकांना नेमकं काय दाखवायचं? निम्म्या पाहुण्यांनी गोल्फ कधी पाहिलेलाही नाही. आणि एका ग्राहकाकडे आमची निविदा सध्या विचाराधीन आहे, त्यांच्या खरेदीप्रमुखांना बोलावलं तर चालेल का?

हिरवळीवर

आधी प्रेझेंटेशन रद्द करा, मग बाकीचं बोलू.

मी बरीच वर्षं कंपन्यांसाठी स्पर्धांमधले असे दिवस आखते आहे आणि या एका मुद्द्यावर मी मागे हटत नाही. समोरच्याने तुम्हाला कामाचा अख्खा दिवस दिलेला असतो. खर्च कोण करतंय हे त्याला पुरतं ठाऊक असतं. जेवण झाल्यावर पडदा उतरला की पाहुण्याचं पुन्हा गिऱ्हाईक होतं आणि सकाळपासून जे जुळत आलेलं असतं ते तिथेच थांबतं. साहेबांना सांगा की कामाचं बोलणं होणारच आहे, फक्त ते पाहुणा काढेल. चौथ्या होलवरून पाचव्याकडे (मैदानाचे असे अठरा टप्पे असतात) चालताना माणूस आपणहून म्हणतो, "तुमच्या त्या डिलिव्हरीचं जरा बघा हो." बैठकीच्या खोलीत हेच वाक्य सहा-सहा महिने निघत नाही. त्याने विषय काढला तर मनापासून बोला, आणि नाही काढला तर पुढच्या आठवड्यात फोन आहेच.

जागांचं म्हणाल तर आठ पाहुणे आणि चार तुमचे. दोन पाहुण्यांमागे एक यजमान, आणि कोणाकडे कोण हे आदल्या दिवशीच ठरलेलं. ते चौघे त्या ग्राहकांचं काम रोज बघणारे हवेत. वरिष्ठांपैकी ज्यांना फक्त गोल्फ बघायचा आहे त्यांनी आपलं तिकीट काढून यावं. हे बोलायला अवघड जातं, पण बोलावंच लागतं. आपलीच माणसं आपल्याच माणसांशी बोलत बसलीत आणि पाहुणा एकटा टीव्हीकडे तोंड करून बसलाय, हे मी इतक्या टेबलांवर पाहिलंय की आता दुरूनही ओळखू येतं.

शुक्रवार मला आवडतो. गुरुवार-शुक्रवार सगळे खेळाडू मैदानावर असतात. नेहमीच्या स्पर्धेत तिघातिघांचे गट पहिल्या आणि दहाव्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) सुटतात, आणि जो गुरुवारी सकाळी खेळला तो शुक्रवारी दुपारी. टी-टाइम्स, म्हणजे कुठला गट किती वाजता सुटणार ते, एक-दोन दिवस आधी जाहीर होतात, ते हातात आल्याशिवाय दिवस आखू नका. शनिवार-रविवारी खेळाडू निम्मे उरतात आणि आघाडीचे सगळ्यात शेवटी निघतात, म्हणजे सकाळी आलेला पाहुणा चांगला खेळ दिसायच्या आधीच थकतो.

शुक्रवारची आणखी एक गोष्ट नवख्यांना लगेच कळते, ती म्हणजे कट. ३६ होल संपले की ठरावीक जणच पुढे जातात. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेच्या नेहमीच्या स्पर्धांत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे. कट चुकला तर अशा स्पर्धेत सहसा बक्षिसाचा पैसाही मिळत नाही. त्यामुळे शुक्रवारी दुपारी कटरेषेवर अडकलेला एखादा अनोळखी खेळाडू निवडा आणि पाहुण्यांना सांगा, याला शेवटच्या तीन होलमध्ये एक फटका वाचवायचाय. स्कोअर कसा मोजतात हे न कळणारी माणसं त्या खेळाडूसाठी जीव मुठीत धरून उभी राहतात. आघाडीवीरापेक्षा ही गोष्ट जास्त भिडते.

आता अठरावा ग्रीन. तिथून गट संपताना दिसतात, एवढंच. दालन इतकं आरामशीर असतं की लोक उठतच नाहीत, आणि मग मैदानावर येऊन टीव्हीवर गोल्फ बघतात. म्हणून जेवणाआधीचा वेळ बाहेर काढायचा.

सकाळी पहिल्यांदा प्रॅक्टिस रेंजवर न्या. टीव्हीवर चेंडू दिसतो, पण त्यावर क्लब (गोल्फची काठी) बसतानाचा आवाज तिथे उभं राहूनच ऐकावा. शेजारी-शेजारी जगातले उत्तम खेळाडू एकेक क्लब घेऊन त्याच त्या जागी चेंडू टाकत असतात, मध्येच कोच फोनवर काहीतरी दाखवतो, कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) क्लब पुसतोय. प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोऱ्यांच्या आत काम कसं चालतं हे इथे उघड दिसतं. मी पाहुण्यांना इथे घाई करत नाही.

तिथून एखाद्या पार-३ होलपाशी, म्हणजे तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या छोट्या होलपाशी. टीवरून थेट ग्रीनवर मारायचं असल्याने फटका, चेंडू पडणं आणि पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवणारा हलका फटका) हे तिन्ही एकाच जागेवरून दिसतं. फीनिक्स ओपनमधला टीपीसी स्कॉट्सडेलचा सोळावा होल जगभर माहीत झाला तो याचमुळे. साधारण १६० यार्डांचा पार-३, आणि भोवती स्टेडियमसारख्या बैठकी, कंपन्यांचे सुइट. टायगर वूड्सने १९९७ मध्ये तिथे एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला तेव्हा तो होल असा चहूबाजूंनी बंदिस्तही नव्हता. आता तिथे ओरडणं हाच रिवाज आहे. पण तो अपवाद. दुसरं टोक म्हणजे ऑगस्टाचं मास्टर्स: मैदानावर जाहिरातीची पाटी नाही, प्रेक्षकांनी पळायचं नाही, मोबाइल आत आणायचाच नाही. तुमच्या स्पर्धेचा फोनचा नियम आमंत्रणासोबतच कळवा. फोन चालत असले तरी भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, गर्दीत नेटवर्क बसतं.

मग एका गटाबरोबर तीन-चार होल चाला. अठरा नकोत.

दोन गोष्टी सुरक्षेच्या, आणि या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. "फोर!" अशी हाक आली की वर बघायचं नाही, डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं. २०१८ च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धा) पॅरिसजवळच्या ले गोल्फ नॅशनलवर ब्रूक्स केप्काचा टी-शॉट लागून एका प्रेक्षक महिलेच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. केप्काइतका कसलेला खेळाडूही चेंडू भलतीकडे मारतो. दुसरं म्हणजे भोंगा. एकच लांब भोंगा म्हणजे खेळ ताबडतोब थांबवा, बहुतेक वेळा विजांमुळे. तो वाजला की पाहुण्यांना घेऊन लगेच आडोशाला जायचं, झाडाखाली नाही. तीन छोटे म्हणजे साधी थांबवणूक, दोन छोटे म्हणजे खेळ पुन्हा सुरू.

आणि मार्शलने, म्हणजे गर्दी आवरणाऱ्या माणसाने, हात वर केला की जिथे असाल तिथे थांबा. हे मार्शल बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतात, पगारी नसतात. पाहुण्यांसमोर त्यांच्याशी नीट बोला.

ताळेबंद

निविदेबद्दल माझं उत्तर सरळ आहे: निर्णय लागेपर्यंत त्या खरेदीप्रमुखांना बोलावू नका. हेतू कितीही स्वच्छ असो, उद्या हरलेला स्पर्धक विचारेल की त्या शुक्रवारी ते कुठे होते. यात त्या माणसाचं नुकसान तुमच्यापेक्षा जास्त आहे.

मी कंपनीत अनुपालन, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात का ते, बघतो, त्यामुळे पाहुणचार म्हटलं की लोक माझ्यापासून लपवतात. कारण नाही. ब्रिटनचा २०१० चा ब्रायबरी ॲक्ट (लाचविरोधी कायदा) जगातल्या कडक कायद्यांपैकी एक, १ जुलै २०११ पासून लागू. त्याच्याही सरकारी मार्गदर्शिकेत म्हटलंय की ओळख वाढवण्यासाठी केलेला, प्रमाणात असलेला पाहुणचार गुन्हा नाही. ग्राहकांना विम्बल्डनला किंवा ग्रां प्रीला नेणं थांबवावं अशी कोणाची इच्छा नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. प्रश्न येतो तो कोणाला, कधी आणि किती यावर.

सरकारी किंवा सरकारी मालकीच्या संस्थेतला पाहुणा असेल तर गाडी वेगळ्या रुळावर जाते. बीएचपी बिलिटन या खाणकंपनीने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला अशा जवळपास ६० पाहुण्यांचा खर्च केला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनसमोर प्रकरण मिटवताना कंपनीला २ कोटी ५० लाख डॉलर दंड भरावा लागला. कंपनीत फॉर्म होते. पाहुण्याचं आपल्याशी काही काम अडलंय का, हा प्रश्नही त्यात होता. पण भरलेला फॉर्म त्या धंद्याबाहेरचं कोणी वाचून तपासत नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातून शिकायचं ते हेच.

तुम्ही एवढं करा. आमंत्रण त्यांच्या कार्यालयीन पत्त्यावर, लेखी. त्यात दिवसभराचा कार्यक्रम आणि "आपल्या कंपनीच्या नियमांत बसत असल्यास" ही ओळ. प्रवास, हॉटेल, जोडीदाराचा पास या गोष्टी जोडू नका, आक्षेप सहसा तिथेच येतो. आणि पासची किंमत विचारली तर खरी सांगा, कारण त्यांना ती आपल्या नोंदवहीत लिहावी लागते.

कराचं तुमच्या हिशेबनीसांना विचारा, देशागणिक फरक आहे. अमेरिकेत २०१८ पासून करमणुकीचा खर्च वजा मिळत नाही, जेवणाचा साधारण निम्मा मिळतो, तोही वेगळा दाखवला असेल तर.

खरेदीखातं

मी टेबलाच्या पलीकडचा. खरेदी विभागात असल्याने मला अशी आमंत्रणं येतात, आणि त्यातली बरीच मी नाकारतो. का, ते सांगतो.

आमंत्रण पाठवणाऱ्याचं नाव मला माहीत नसतं. वर्षभर ज्याने माझ्या तक्रारीला उत्तर दिलं नाही, तो अचानक मला ग्रीनशेजारी बसवायला निघतो. उलट एका पुरवठादाराची मुलगी, वयाने बरीच लहान, तिने आधी फोन करून विचारलं होतं की तुम्हाला चालायला आवडतं की बसायला, किती वाजता निघायचंय, मद्य घेता का नाही. मी घेत नाही. त्या दिवशी एकदाही कोणी मला ग्लास पुढे करून आग्रह केला नाही, कारण तिने सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. मला वेळेवर निघायचं होतं, तर गाडी उभी होती. या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

तिला गोल्फ फारसा येत नव्हता. तिने तसं सांगितलं आणि आम्ही दोघांनी मिळून एका मार्शलला प्रश्न विचारले. तुम्हाला गोल्फ येत नाही याची काळजी करू नका. न येणाऱ्या पाहुण्याला त्याने उलट मोकळं वाटतं.

आणि भेटवस्तू देणार असाल तर मोठा लोगो छापलेली टोपी नको. मी ती कार्यालयात घालू शकत नाही.

अनघड_वाट

सगळ्यांचे आभार. खरेदीप्रमुखांचं नाव यादीतून काढलं. प्रेझेंटेशनबद्दल साहेबांशी उद्या बोलते, "विषय पाहुण्याने काढावा" हे त्यांना पटेल असं वाटतंय.

दोन शंका राहिल्या. प्रो-ॲमची जागा साहेबांना स्वतःला हवी आहे. ते बरे खेळतात. आणि एका ज्येष्ठ पाहुण्यांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना बोलावू की नको?

हिरवळीवर

प्रो-ॲम ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, टेबलापेक्षाही. टेनिसच्या मुख्य स्पर्धेत कोणी तुम्हाला अव्वल खेळाडूबरोबर कोर्टवर सोडत नाही. इथे मात्र स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हौशी माणूस त्याच मैदानावर व्यावसायिकाच्या संघात खेळतो. ही प्रथा रुजवण्यात गायक बिंग क्रॉस्बीचा मोठा वाटा. त्याने १९३७ मध्ये रँचो सांता फे इथे मित्रांना आणि व्यावसायिकांना एकत्र खेळवलं, पावसामुळे ती स्पर्धा १८ होलवर आटोपली आणि सॅम स्नीड जिंकला. १९४७ पासून ती पेबल बीचच्या परिसरात आहे.

म्हणून ती जागा ग्राहकाची. साहेबांना सांगा की त्यांनी त्या पाहुण्याबरोबर दोरीबाहेरून चालावं, शक्य असेल तर त्याची बॅग उचलावी. हौशी खेळाडूसाठी कॅडी होऊ देतात का ते आयोजकांना विचारा. वरिष्ठ माणूस आपल्यासाठी पाच-सहा तास चालला, हे कोणी विसरत नाही.

पाहुणा निवडताना हँडिकॅपपेक्षा (खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्यापेक्षा) स्वभाव बघा. पहिल्या टीवर लोक बघत असताना चांगल्या-चांगल्यांचे हात कापतात. त्याला आधी एवढंच सांगा: आपला चेंडू संघाच्या गुणात धरला जाणार नाही असं दिसलं की उचलून खिशात टाकायचा, दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय द्यायचा नाही, आणि व्यावसायिकाकडे प्रत्येक फटक्याला शिकवणी मागायची नाही. वेग राखणाऱ्याशी व्यावसायिक खेळाडू आपणहून बोलतात, हे मी वारंवार पाहिलंय.

गुडघेवाल्या पाहुण्यांना नक्की बोलवा. आयोजकांना आजच लिहा. शटल कुठपर्यंत जाते, बग्गीची सोय आहे का, दालनाला पायऱ्या आहेत की रॅम्प, आणि चालायला त्रास असणाऱ्यांसाठी कुठल्या ग्रीनजवळ राखीव बैठक आहे, हे विचारा. उत्तर लेखी घ्या. दालनाच्या सगळ्यात जवळचा पार-३ नकाशावर शोधून ठेवा, त्यांना तिथे खुर्ची मिळेल असं बघा, आणि त्यांच्यासोबतच्या यजमानाने बाकीच्यांबरोबर चालायला जायचं नाही. तो दिवसभर त्यांच्यापाशी. त्या यजमानाचं नाव सगळ्यात आधी ठरवा.