नाव नाशिकच्या यादीत, बिऱ्हाड सिन्नरला: नगरपरिषदेच्या मतदानासाठी काय करू?

सिडकोतून_सिन्नर
नमस्कार मंडळी. नोकरी माळेगाव एमआयडीसीत, रोजची ये-जा नको म्हणून सिडको सोडून सिन्नरला भाड्याने आलो. डिसेंबरात नगरपरिषदेची निवडणूक झाली, अख्खी बिल्डिंग बोटाला शाई लावून आली आणि आम्ही दोघं बघत बसलो. माझं नाव अजून नाशिक पश्चिमच्या यादीत, बायकोचं माहेरी येवल्याला. नळ, गटार, कचरागाडी सगळं इथलं, मग मतही इथेच द्यावं म्हणतो. नगरपरिषदेच्या यादीत नाव घालायचा अर्ज कुठे मिळतो? घरमालक कागद द्यायला का-कू करतायत. धाकट्या भावाला नुकतं सतरा पूर्ण झालं, त्याचंही जमलं तर बरं.

येवलेवाला
असा अर्जच नसतो दादा. नगरपरिषदेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादी राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक तारखेची घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडली जाते. 2025 ला ती तारीख होती 1 जुलै, आणि निवडणूक जाहीर झाली 4 नोव्हेंबरला. रिक्षावर भोंगे लागल्यावर जे जागे झाले, त्यांची गाडी कधीच निघून गेली होती. तुम्ही सिन्नर विधानसभेच्या यादीत या, पुढचं त्यातूनच होतं.

शाळेच्या_बाई
बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी चौकशी करणाऱ्याचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हा दोघांना लागेल फॉर्म 8, त्यात 'स्थलांतर'वर खूण करायची. ऑनलाइनही भरता येतो. मतदार ओळखपत्राचा नंबर तोच राहतो, पत्ता बदलून नवं कार्ड येतं. फॉर्म 6 भरू नका. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा आहे. 'जुनं राहू दे तिकडे, इथे नवं घालू' असं करणारे खूप भेटतात, आणि दुबार नावं तशीच तयार होतात. त्या अर्जाखाली आपण सही करून लिहून देतो की दुसरीकडे नाव नाही. खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

कागदाचं म्हणाल तर भाडेकरार चालतो, पण नोंदणी केलेला. नोटरीकडचा अकरा महिन्यांचा नाही. तो नसेल तर इथला पत्ता असलेलं आधार किंवा बँकेचं चालू पासबुक पुरतं, म्हणजे मालकांच्या दारात उभं राहायचीही गरज नाही. तरी त्यांना सांगून बघा की मतदार यादीत नाव लागल्याने घरावर कसलाही हक्क लागत नाही. निम्म्या मालकांच्या पोटात हीच भीती असते.

आणि अर्ज टाकून निवांत बसू नका. बीएलओ चौकशीला येतात तेव्हा दाराला कुलूप, पाटीवर मालकाचं नाव आणि शेजारचे म्हणतात, 'असं कोणी राहत नाही इथे.' दारावर साध्या कागदावर का होईना, नाव चिकटवा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. अर्जाचा क्रमांक जपा, त्यावर पुढचं कळतं. अडलं तर 1950 या मतदार हेल्पलाइनला फोन करा.

भावाचा फॉर्म 6 आताही घेतात. सतरा पूर्ण झालं की आगाऊ अर्ज करता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला तो अठराचा झालेला असेल, तेव्हाच्या यादीत नाव येईल.

गोदाकाठी
एक आधी बघा, घरपट्टीच्या पावतीवर वर नाव कोणाचं आहे? आमच्या ओळखीत एकाचा फ्लॅट, पत्त्यात ठसठशीत 'सिन्नर', पावती मात्र मुसळगाव ग्रामपंचायतीची. तसं असेल तर नगरपरिषद विसरा. तुमचं मत ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला. उलट नगरपरिषद हद्दीतल्यांना जिल्हा परिषदेचं मत नसतं, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. आमच्याकडे भगूरला नगरपरिषद आणि अगदी शेजारी देवळाली कॅम्पला कॅन्टोन्मेंट बोर्ड. त्यांचा कायदाच निराळा, यादीही बोर्डच करतं.

येवलेवाला
+1. आणखी एक. प्रारूप प्रभाग यादी लागली की ती डोळ्यांनी बघायचीच. गल्लीची एक बाजू पलीकडच्या प्रभागात टाकलेली मी पाहिली आहे, सख्खे भाऊ दोन प्रभागांत. हरकत घेता येते, पण फक्त तीन गोष्टींवर: लेखनिकाची चूक, चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटलेलं नाव. नवीन नाव त्या टप्प्यावर घालून मिळत नाही. मुदत तोकडी असते आणि नेमकी सणासुदीत येते, हे माझं रडगाणं. नावापुढे दोन तारे दिसले तर समजा दुबार म्हणून शंका आहे, मग केंद्रावर हमीपत्र लिहून द्यावं लागतं.

मिसळपाव_नको_भाकरी
बूथवरचं मी सांगतो. विधानसभेसारखं एक बटण दाबून निघू नका. सिन्नरसारख्या ठिकाणी नगराध्यक्षाचं एक मत आणि प्रभागातल्या दोन जागांची दोन. मतपत्रिकांचे रंग वेगळे असतात. सगळी मतं दिल्यावरच ती लांब शिट्टी वाजते. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर नोटा आहे. आमच्या आत्या एकच बटण दाबून चिठ्ठी दिसायची वाट बघत उभ्या, बाहेर रांग तापलेली. इथे व्हीव्हीपॅट नसतं, चिठ्ठी दिसणारच नाही.

सिडकोतून_सिन्नर
आभार सगळ्यांचे. पावती बघितली, नगरपरिषदेचीच आहे. पण आता पुढची निवडणूक पाच वर्षांनी, तर एवढी घाई कशाला, असं घरून विचारलं गेलंय. त्यावर काय सांगू?

शाळेच्या_बाई
सांगा की विधानसभा त्याआधी, 2029 ला आहे, आणि पोटनिवडणूक विचारून येत नाही. वहिनींचा अर्ज मात्र वेगळा भरा, तुमच्यात त्यांचं नाव येत नाही.