साडेअकरा फुटांचा वाघ, पण टेप धरली कोणी?

चुलबंदकाठचा
परवा इथं एकाने वाड्यातल्या वाघाच्या कातड्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'मालगुजार पणजोबांनी एका गोळीत लोळवलेला साडेअकरा फुटी पट्टेदार, जिल्ह्याचा विक्रम.' लाइकांचा पाऊस पडला, पण मोजला कसा हे एकानेही विचारलं नाही. म्हणून हे लांबण.

वाघ मोजायच्या रीती दोन. पहिली खुंटीची. मेलेला वाघ सरळ निजवायचा, नाकापाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाला दुसरी, वाघ उचलून मधलं अंतर मोजायचं. दुसरी वळणाची. टेप नाकावरून, डोक्यावरून, पाठीच्या चढउतारावर दाबत शेपटीपर्यंत न्यायची, म्हणजे तोच वाघ तीन-चार इंच वाढतो. तिसरी रीत वाड्यांची. ओलं कातडं चारी अंगांनी ओढून खिळे ठोकायचे, की फूटभर वाढ फुकटात. त्यात तीनेक फूट नुसती शेपटी.

लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ मध्ये मोठ्या शिकारीच्या नोंदींचं पुस्तक काढलं आणि साहेब काय, राजे काय, सगळ्यांना त्यात नाव हवं झालं. अमेरिकेतला बून अँड क्रॉकेट क्लब तरी शहाणा. मांजरकुळातल्या जनावराची ते कवटी मोजतात, लांबी अधिक रुंदी, तीही ६० दिवस वाळल्यावर. कवटी ओढून वाढत नाही.

माझा आजा हाक्यात जायचा, म्हणजे आरडाओरडा करत जनावर शिकाऱ्याच्या मचाणाकडे हाकायला. त्याच्या पोटरीवर अस्वलाच्या नखांच्या तीन रेघा होत्या, थंडीत खाजवत बसायचा. हाक्यात वाघाच्या आधी अस्वल उठतं, आणि ते मचाणाकडे जात नाही, माणसांकडे येतं. तुमच्या फोटोत हाकेवाले कुठायत?

वाडा_पाचवी_पिढी
फोटो माझाच. तो वाघ गावचे बैल खात होता, गावानेच पणजोबांना बोलावलं. माप वहीत लिहून ठेवलंय. कातड्याचं मालकी प्रमाणपत्र आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे, तेव्हा उगाच वास काढू नका. त्या काळच्या गोष्टीला आजची फूटपट्टी लावायची नसते.

चुलबंदकाठचा
फूटपट्टीचंच तर विचारतोय दादा. वहीत खुंटी लिहिलंय की वळण?

जागलीवरचा
तुमी सारे मेलेल्या वाघाची शेपटी मोजून राह्यले. इकडं माह्या चण्यात डुकरायचा कळप घुसला, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत नांगरल्यावानी करून गेला. पंचनाम्याले मानूस आला आठव्या दिवशी. तवर अवकाळी पानी पडून खुरं पुसल्या गेले. म्हने, खुना दाखवा. आता डुकराले सही करून जाय म्हनू का?

मोहफूल
भाऊ, विषय कातड्याचा चालू आहे.

जागलीवरचा
विषय शिकारीचा हाये न ताई? मंग शिकार कोनाची पायजे तेच सांगून राह्यलो.

रेंजर_नाही_पण
मुद्दा बरोबर आहे त्यांचा. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर या डोंगरी रानबकऱ्याच्या शिकारीचे मोजके परवाने लिलावात जातात, पैशातला ८० टक्के वाटा तिथल्या गावांना. मग चोरट्या शिकाऱ्याला गावच हुसकावतं. आपल्याकडे जनावर सरकारचं आणि नुकसान शेतकऱ्याचं.

मोहफूल
म्हणजे ताडोब्यातल्या वाघाची बोली लावायची? हाच रस्ता सरगुजा संस्थानच्या राजाने दाखवला होता. हजारावर वाघ मारले आणि देशातले शेवटचे मानले जाणारे तीन चित्तेही त्यानेच.

चुलबंदकाठचा
थांबा, राजे दोन आहेत. हजारावर वाघांचा दावा सरगुजाच्या रामानुज शरण सिंह देवांचा. १९४७ मध्ये रात्री तीन चित्ते टिपले ते शेजारच्या कोरिया संस्थानच्या रामानुज प्रताप सिंह देवांनी. नावं सारखी, म्हणून सगळं एकाच्या माथी मारलं जातं.

मोहफूल
चुकले. चित्त्यांना फार फरक पडला असेल.

रेंजर_नाही_पण
मी वाघाची बोली म्हटलंच नाही. रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय यांच्याबद्दल बोलतोय. तोंडात शब्द घालू नका.

मोहफूल
शब्द कशाला, करंटबद्दल बोला. मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्याने डुकरासाठी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडला. आमचा ढवळ्या सकाळी तारेला चिकटलेला सापडला. दावं अजून गळ्यात होतं. त्याच जागी वडील असते तर? वाघही असेच मरतात, त्यांचं माप कोणी वहीत लिहीत नाही.

जागलीवरचा
थेट करंट सोडनारा हलकटच, तेवढं मानतो. पन जीव न घेनारं झटका मशीन आनाले पैसा कोन देते? तुमी एक रात काढा मचानावर, जानेवारीत, गोधडी घेऊन. मंग शिकवा.

मोहफूल
काढल्या आहेत. तुमच्याइतकं रडत नाही एवढंच.

जागलीवरचा
रडत नाही तं इथं काय गानं म्हनून राह्यली?

वाडा_पाचवी_पिढी
तुमचं भांडण चालू द्या. मी वही काढली. 'टेप कातड्यावरून' असं लिहिलंय. ना खुंटी, ना वळण. काल काका आणि मी भिंतीवरचं कातडं उतरवून मोजलं. दहा फूट आठ इंच भरलं. काका म्हणतात, इतक्या वर्षांत आक्रसलं. असेल. मुंडक्याची लाल रंगवलेली जीभ उतरवताना हातात आली, आतून कागदाचा लगदा निघाला.

चुलबंदकाठचा
दहा इंच आक्रसलं. बरं. वाघ मोठाच होता, एवढं देऊन टाकतो. आणि हाकेवाले?

वाडा_पाचवी_पिढी
त्याच पानावर खाली खर्च आहे. 'हाकेवाले ६२, गूळ-फुटाणे.' नावं नाहीत. गोळीची किंमत मात्र आण्यापर्यंत लिहिलीय.

चुलबंदकाठचा
पानाचा फोटो टाका. गावाचं नाव असेल तर तेही.

जागलीवरचा
आमाले गूळ-फुटाने बी नाही भेटत. चला, रोही उतरले वाटते वावरात. डबा वाजवून येतो.