युनिया बाई होती, आणि हे 'खूळ' नाही

बायबलबाईची नात

काल 'किनारपट्टी' यांनी इथे लिहिलं की बायबलातल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात अंद्रोनिकासोबत 'प्रेषितांमध्ये नामांकित' म्हणून आलेली युनिया हा मुळात 'युनियास' नावाचा पुरुष होता. त्याला बाई करण्याचं खूळ अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत काढलं, आणि आपल्या मंडळ्यांनी ते डोक्यावर घेऊ नये. खाली आमेनची रांग लागली. मी दोनदा उत्तर लिहून पुसलं. आता पुसत नाही.

तीस-चाळीस वर्षं? योहान क्रिसोस्तोम वारला ४०७ साली. अंत्युखियात या पत्रावर प्रवचनं देताना तो नेमका याच ओळीवर थांबतो आणि म्हणतो, या बाईचं शहाणपण केवढं असेल, की तिला प्रेषित हे नाव लाभलं! त्याची भाषा ग्रीक, म्हणजे त्या पत्राचीच. आणि हा बायकांचा कैवारी मुळीच नव्हता. बाईने एकदाच शिकवलं आणि सगळं बिघडवलं, हे तीमथ्याच्या पत्रावर बोलताना तोच सांगतो. अशा माणसाला ती बाई नको असती, तर तिला पुरुष करायला त्याला कोण अडवणार होतं? १६११ च्या किंग जेम्स बायबलातही ती युनियाच आहे.

मग पुरुष कधी झाली? तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावर रोमचा धर्मपंडित एजिदियस अंद्रोनिक आणि युनिया या दोघांनाही पुरुष म्हणतो. पुढे लूथरच्या जर्मन भाषांतराने ते घराघरात नेलं. विद्वानांच्या ग्रीक आवृत्तीत, एर्विन नेस्टलेंच्या, १९२७ साली नावावर पुरुषी आघात (उच्चाराचा जोर दाखवणारं चिन्ह) पडला आणि १९९८ साली तो काढावा लागला. म्हणजे नवं खूळ कुठलं म्हणायचं असेल, तर ते युनियासचं.

ज्यांना मोडी ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, वाचणारा आपल्या समजुतीने वाचतो. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आघातचिन्हं नाहीत. या वाक्यात ते नाव ज्या विभक्तीत आहे, तिथे बाईचं नाव आणि पुरुषाचं नाव एकाच अक्षरांनी लिहिलं जातं. फरक फक्त आघाताचा. पण युनिया हे नाव एकट्या रोमच्या प्राचीन लेखांत अडीचशेहून अधिक वेळा सापडतं आणि युनियास नावाचा पुरुष एकदाही सापडत नाही. जिचं नाव गल्लोगल्ली होतं तिला सोडून, जो कुठेच नाही त्याला आपण प्रेषितांच्या पंगतीत बसवला.

मराठीत आणखी एक गोची आहे. 'अंद्रोनिक व युनिया' लिहून पुढे 'ते' म्हटलं, की बाई त्या 'ते'मध्ये विरघळते. माझ्या घरी नवराबायकोला 'ती दोघं' म्हणतात. उपासनेत वाचन ऐकताना मला पंचवीस वर्षं दोन पुरुषच दिसत होते.

हे मला इतकं का लागलं, तेही सांगते. माझी आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे. उरलेल्या रविवारी वस्तीवर गीत, प्रार्थना, वचन, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मेलेल्याला मूठमाती, सगळं आजी करायची. मिशनच्या वार्षिक अहवालात पाळकसाहेबांचं नाव आहे. आजीचा उल्लेख 'एक बाई' असा आहे. तो कागद माझ्याकडे आहे. म्हणून कोणी नाव पुसलं की मी गप्प बसत नाही.

किनारपट्टी

ताई, तुमच्या आजींना माझा नमस्कार. पण आजीच्या आठवणीने ग्रीक व्याकरण बदलत नाही.

ती बाई होती असं क्षणभर धरू. 'प्रेषितांमध्ये नामांकित' याचा अर्थ 'प्रेषितांना चांगली ठाऊक असलेली' असाही होतो. बरर आणि वॉलेस या दोन अभ्यासकांनी २००१ साली तसंच मांडलंय. आणि 'प्रेषित' हा शब्द पौल नेहमी येशूच्या बाराजणांच्या अर्थाने वापरत नाही. फिलिप्पैच्या पत्रात एपफ्रदीतालाही मूळ ग्रीकात तोच शब्द आहे. तिथे अर्थ मंडळीने पाठवलेला माणूस, बस्स. एका ओळीवर, एका शब्दावर तुम्ही एवढी इमारत उभी करता आणि मग तिच्या गच्चीवरून बायकांना पाळकपद मागता. माझा विरोध त्याला आहे.

दुसरं म्हणजे, रोम आणि करिंथ आपल्याला तोंडपाठ. आपल्या किनाऱ्यावर त्या बाराजणांपैकी खुद्द संत बार्थोलोम्यू उतरले, कल्याणला. त्यांच्यावर इथे कोणी चार ओळी लिहिल्यात का?

ग्रीकचा विद्यार्थी

एपफ्रदीताचा मुद्दा बरोबर आहे, तो ताईंनी मान्य करावा. 'प्रेषित' म्हणजे बाराजणांपैकी एक असा अर्थ युनियाला लावता येत नाही. पण मग तो अंद्रोनिकालाही लावता येत नाही. दोघं एकाच वाक्यात आहेत.

'प्रेषितांना ठाऊक' हा अर्थ मला पटत नाही. व्याकरणाने तो अशक्य नाही, पण क्रिसोस्तोमने तसा वाचला नाही, आणि ती भाषा तो आईच्या मांडीवर शिकला होता. आपण शिकवणी लावून शिकतोय.

एक गंमत सापडली. साधारण २०० सालच्या पपायरसावरच्या हस्तलिखितात, पी ४६ मध्ये, या ओळीत युनियाच्या जागी 'युलिया' आहे. लेखनिक चुकला, पण चुकतानाही बाईचंच नाव लिहून गेला.

ठाणेकर

मी ख्रिस्ती नाही, इतिहासाची आवड म्हणून वाचतो. युनियाचं तुम्ही बघा. बार्थोलोम्यूवर मात्र मला बोलायचंय, कारण 'उतरले' हे क्रियापद फार खात्रीने आलंय.

सगळा आधार चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसवर आहे, म्हणजे चौथ्या शतकाच्या सुरुवातीवर. तो सांगतो की अलेक्झांड्रियाचा धर्मशिक्षक पंतेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस भारतात गेला. तिथे त्याला हिब्रू लिपीतलं मत्तयाचं शुभवर्तमान दिसलं, ते बार्थोलोम्यूने ठेवलेलं. यात कल्याण कुठंय? आणि त्या काळी 'भारत' म्हणताना लोक दक्षिण अरबस्तान आणि इथिओपियाही त्यात ढकलायचे. युसेबियस स्वतःही हे 'असं म्हणतात' म्हणूनच देतो.

आर्मेनियाचे लोकही बार्थोलोम्यू आपलाच म्हणतात.

किनारपट्टी

ठाणेकर साहेब, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी वाटाड्या-ग्रंथात सोपारा आहे, कल्याण आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा माल या किनाऱ्यावर येत होता. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे लेख आहेत. जहाजं येतात, व्यापारी येतात, मग एक प्रेषित येऊ शकत नाही?

ठाणेकर

येऊ शकतो. 'येऊ शकतो' आणि 'आला' यांत जे अंतर आहे तेवढंच मी दाखवतोय. पेरिप्लस पुरा वाचलात तर त्यात हेही आहे की कल्याणचा व्यापार तेव्हा अडवलेला होता, आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत.

किनारपट्टी

तुम्हाला अंतर मोजणं सोपं आहे. मी सातवीत असताना वर्गात पोर्तुगीजांचा धडा चालू होता. गुरुजींनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, यांना पोर्तुगीजांनी बाटवलं, विहिरीत पाव टाकून. पोरं हसली. पुढची तीन वर्षं मी 'पाव' होतो. घरी येऊन वडिलांना विचारलं, ते काही बोलले नाहीत, वाडीत पाणी सोडायला निघून गेले. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली. त्याआधी या मातीत ख्रिस्ताचं नाव कोणी घेतलंच नव्हतं, असं सांगणाऱ्या प्रत्येकाचा मला राग येतो आणि येत राहील. तुमच्याकडे पुरावे असतील. तुम्हाला वर्गात उभं केलेलं नाही.

ठाणेकर

नाही केलं. त्या गुरुजींनी केलं ते वाईट केलं, आणि हसणाऱ्या पोरांत मी असतो तर मीही हसलो असतो, हे कबूल करतो.

पण मग बळकट धागा धरा ना. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कोस्मास सहाव्या शतकाच्या मध्याला लिहितो की मलबारात ख्रिस्ती आहेत, आणि कल्लियाना इथे इराणात दीक्षा मिळालेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे बहुतेकांच्या मते आपलं कल्याण. पोर्तुगीजांच्या हजार वर्षं आधी कल्याणला बिशप! १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले, ते तिथल्या नेस्तोरियन (पूर्वेकडच्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. तेही वसई घेण्याच्या दोनशे वर्षं आधी. हे सोडून तुम्ही सगळा भार 'असं म्हणतात' वर टाकता. वर्गात कोणी उभं केलं तर कोस्मास दाखवा.

पेटीवाली

तुम्ही दोघं कल्याणला जाऊन बसलात. मूळ विषय बाईचा होता.

आमच्या मंडळीत बाईला वडीलवर्गात, म्हणजे कारभारी मंडळात, घेतलं, टाळ्या वाजल्या, छापील पत्रकात फोटो आला. पहिल्याच सभेत तिला खातं दिलं ते अल्पोपाहाराचं. ती बाई बँकेत ताळेबंद बघायची. हिशेब मात्र तिच्याकडे दिला नाही. आंध्रात, नंद्यालला, २०१३ साली दक्षिण भारताच्या मंडळीत (चर्च ऑफ साउथ इंडिया) पुष्पा ललिता बिशप झाल्या, आणि आमच्याकडे अजून चहा कोण करणार यावर मतदान.

सिस्टर

मी कॅथलिक व्रतस्थ आहे. आमच्याकडे पाळकपदाची चर्चा वेगळी, त्यात शिरत नाही. मला फिबीविषयी बोलायचं आहे.

युनियाच्या आधी, त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत, किंख्रिया बंदरातल्या मंडळीची 'सेविका' म्हणून ती येते. ग्रीकात शब्द आहे दियाकोनोस, आणि तोही बाईसाठी वेगळं रूप न करता. फिलिप्पैच्या पत्राच्या सुरुवातीला 'अध्यक्ष व सेवक' म्हणून ज्यांचा मान राखलाय, त्या सेवकांचाच हा शब्द. म्हणजे आपल्या जुन्या भाषांतरकारांनी लबाडी केली नाही. शब्द तोच दिला. खाली आला तो आपल्या कानात. सेवक म्हटलं की आपल्याला देवाचा सेवक आठवतो, सेविका म्हटलं की अंगणवाडी सेविका, आणि तिचंही मानधन थकलेलं.

पौलाने पुढे तिला स्वतःची आणि पुष्कळांची आश्रयदाती म्हटलंय. रोमला ते पत्र तिनेच नेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सगळ्या ख्रिस्ती धर्मविचाराचा कणा असलेला कागद एका बाईच्या बोचक्यातून समुद्रापार गेला. बेचाळीस वर्षं रुग्णसेवा केल्यावर हे मला कोणी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी खोलीत जाऊन रडले.

बायबलबाईची नात

सिस्टर, तुमचं वाचून आजीची पिशवी आठवली.

एपफ्रदीताचा मुद्दा मी मान्य करते. युनियाला बाराजणांच्या रांगेत बसवायचं नाही. माझ्या लिहिण्यात तसा सूर आला असेल, तर तेवढा मागे घेते. पण पौल तिला 'माझ्याआधी ख्रिस्तात आलेली' आणि 'माझ्यासोबत तुरुंगात असलेली' म्हणतो. ते कुठल्याही आघाताने पुसत नाही.

किनारपट्टी दादा, तुमच्या शाळेचं वाचून माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा यासाठी आहे: बार्थोलोम्यूसाठी तुम्हाला 'असं म्हणतात' पुरतं, तिथे शक्यता हाच पुरावा. युनियासाठी पौलाची स्वतःची ओळ, पी ४६, क्रिसोस्तोम, अडीचशे लेख, आणि तरी तुम्ही म्हणता एका शब्दावर इमारत. वर्गात तुम्हाला उभं करून तुमचा इतिहास कापला, ते तुम्हाला आजही दुखतं. मग तिचा कापताना हात का नाही अडला?

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते छापून पुरं झालं १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. केडगावात त्यांच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. ज्या भाषेत एका बाईने सगळं शास्त्र उतरवलं, त्या भाषेत आपण युनियाला मिशी लावतोय.

किनारपट्टी

शेवटच्या वाक्याची गरज नव्हती.

युनिया बाई होती, हे मान्य. १९२७ चं मला माहीत नव्हतं, मी एका इंग्रजी पुस्तिकेवरून लिहिलं होतं. 'प्रेषितांमध्ये' चा अर्थ माझ्या मते अजून खुला आहे, आणि पाळकपदाबद्दल माझं मत तेच आहे. ते या ओळीवर कधी अवलंबून नव्हतंच.

ठाणेकर, कोस्मासचा तो भाग मराठीत कुठे असेल तर सांगा. बार्थोलोम्यूंचा सण २४ ऑगस्टला मी पाळणारच.

ठाणेकर

पाळा. मराठीत माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजीवरून मी दोन पानं करून देतो, पण 'इराणात दीक्षा मिळालेला' हे शब्द गाळायचे नाहीत.

बायबलबाईची नात

१७ मे हा पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत अंद्रोनिक आणि युनिया यांचा दिवस, दोघांचा मिळून. तोही पाळा.

आणि दादा, मान्य केलंत ते इथे, खाली. वर तुमच्या मूळ लिखाणात 'खूळ' अजून तसंच आहे. आमेन म्हणणारे तेवढंच वाचून गेलेत. रात्री परत येऊन बघते.