स्ट्राइकचा निर्णय आता कॅमेऱ्यापुढे: २०२६ पासून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये येणारा बदल तुम्हाला पटतो का?

सिअ‍ॅटलकर
२०२५ ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम सिरीज) संपून आठवडा होत आला, तरी तिसरी मॅच डोक्यातून जात नाही. अठरा इनिंग, शेवटी डॉजर्सच्या फ्रीमनचा होमरन, डॉजर्स ६, टोरंटो ब्लू जेज ५. पण मला सलतोय तो दुसऱ्या इनिंगमधला एक चेंडू. (नवख्यांसाठी: न मारलेला चेंडू प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीतून, म्हणजे झोनमधून गेला तर स्ट्राइक, तीन झाले की बॅटर बाद; बाहेरून गेला तर बॉल, चार झाले की फर्स्ट बेस फुकट.) डॉजर्सच्या ग्लासनाऊने टाकला, अंपायर गप्प. चौथा बॉल मिळाला असं समजून टोरंटोचा बॅटर वार्शो फर्स्टकडे निघाला, फर्स्टवरचा बिशेटही बेस सोडून पुढे चालायला लागला, आणि मग मागून स्ट्राइकचा पुकारा झाला. बेसबाहेर सापडलेला बिशेट हकनाक बाद. पुढे सातवी, निर्णायक मॅच टोरंटोने एका धावेने घालवली.

पुढच्या हंगामात एबीएस (कॅमेऱ्यावर बॉल-स्ट्राइक तपासायची यंत्रणा) येतंय आणि मी शंभर टक्के त्याच्या बाजूने आहे. ज्यांनी नियम वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिला निर्णय अंपायरच देणार. तो पटला नाही तर बॅटर, पिचर (चेंडू टाकणारा) किंवा कॅचरने (प्लेटमागे झेलणारा) तिथल्या तिथे डोक्यावर हात टेकवायचा. डगआउटला, म्हणजे बाहेर बसलेल्या टीमला, विचारायची सोय नाही. मैदानाभोवतीच्या १२ कॅमेऱ्यांनी चेंडू कुठून गेला ते टिपलेलं असतं, ते स्क्रीनवर दिसतं आणि विषय संपतो. टीमला दोन संधी, दावा खरा ठरला तर ती संधी शाबूत. २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (हंगामाआधीच्या सराव मॅचमध्ये) चाचणी झाली तेव्हा एका दाव्याला सरासरी १४ सेकंदसुद्धा लागले नाहीत, आणि ५२ टक्के निर्णय फिरले. एवढ्या थोड्या वेळात न्याय मिळत असेल तर नाही का म्हणायचं?

पहाटेचा प्रेक्षक
ती मॅच मी पुण्यात पहाटे साडेपाचला लावली, संपली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. त्यामुळे तो चेंडू मलाही पाठ आहे. पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. बिशेट बाद झाला तो पुकारा उशिरा आला म्हणून. चेंडू चौकटीत होता की बाहेर, हे कॅमेरा सांगेल. पण तोवर रनर बेस सोडून गेलेला असेल, त्याचं काय?

माझा खरा विरोध दुसऱ्याच कारणासाठी आहे. जायंट्सचा कॅचर पॅट्रिक बेली याचा ग्लव्ह कधी नीट बघा. खालून येणाऱ्या चेंडूसाठी तो ग्लव्ह आधीच मातीला टेकवून ठेवतो आणि चेंडू आत शिरताना वर आणतो. मनगट थांबतं तेव्हा चेंडू बरोबर गुडघ्याच्या रेषेवर. झटका नाही, ओढाताण नाही. हे हातात बसायला वर्षं जातात. अशा कॅचरची किंमत तुम्ही एका नियमाने कमी करताय.

सिअ‍ॅटलकर
कौशल्य आहे, मान्य. पण कशाचं? बॉल असताना स्ट्राइक भासवण्याचं. त्याची किंमत समोरचा बॅटर मोजतो. आणि कॅचरचं महत्त्व कमी होणार नाही, उलट वाढेल. यंदाच्या ऑल-स्टार मॅचमध्ये पहिला दावा कुणी केला? आमच्या सिअ‍ॅटलच्या कॅचरने, कॅल रॅलीने. स्कूबलचा चेंडू मचाडोला, अंपायर म्हणाला बॉल, रॅलीने डोक्याला हात लावला, स्ट्राइक थ्री. चाचणीतही कॅचरांचे ५६ टक्के दावे खरे ठरले, बॅटरांचे ५०, पिचरांचे ४१. साठ फुटांवरून पिचरला प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो. प्लेटमागे बसलेल्याला खरं दिसतं.

शनिवारची अंपायर
मी न्यू जर्सीत दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या मॅचना प्लेटमागे उभी असते. तिथे काय होतं ते सांगते. कॅचरच्या डोक्यावरून वाकून बघताना बाहेरच्या कोपऱ्यातला खालचा चेंडू शेवटच्या दोन-तीन फुटांत दिसेनासा होतो. उरतो तो ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज. त्यावर मी निर्णय देते, आणि जाळीमागून एखादा बाप ओरडतो, "डोळे तपासून घ्या!" मागच्या मे महिन्यात एकाने गाडीपर्यंत माझा पिच्छा पुरवला. म्हणून मोठ्यांच्या खेळात अंपायरला कॅमेऱ्याचा आधार मिळतोय याचं मला बरंच वाटतं.

तरीही एबीएसला माझा एक आक्षेप आहे, तो भूमितीचा. नियमपुस्तकातला झोन प्लेटवर उभ्या केलेल्या खोक्यासारखा आहे, त्याला खोली आहे. चेंडू त्याला कुठेही शिवला तरी स्ट्राइक. एबीएस मात्र प्लेटच्या मधोमध एक सपाट चौकट धरतं आणि तेवढ्यातच बघतं. मोठा कर्व्हबॉल (वळत खाली पडणारा चेंडू) प्लेटच्या पुढच्या कडेला झोनमध्ये असतो आणि मध्यापर्यंत येताना त्याखाली जातो. पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक, मशीनप्रमाणे बॉल. मग चुकला कोण? आधी नियम बदला, नाहीतर मशीन. एकाच मैदानावर दोन झोन नकोत.

सोलचा पाहुणा
कामानिमित्त कोरियात होतो तेव्हा तिथल्या केबीओ या बेसबॉल लीगच्या बऱ्याच मॅच पाहिल्या. तिथे २०२४ पासून प्रत्येक चेंडूचा निर्णय मशीनचा. अंपायरच्या कानात सांगितलं जातं, तो फक्त पुकारतो. अमेरिकेचं हे दोन संधींचं प्रकरण मला अर्धवट वाटतं. न्याय हवा तर प्रत्येक चेंडूला द्या. तिसऱ्या इनिंगमध्ये दोन्ही दावे फसले तर नवव्या इनिंगमधला चुकीचा स्ट्राइक थ्री गिळायचाच का?

पहाटेचा प्रेक्षक
क्रिकेटमध्ये आपण हेच करतो की. रिव्ह्यू संपले की संपले. २०११ ला मोहालीत पाकिस्तानविरुद्ध सचिन २३ वर पायचीत दिला गेला होता, रिव्ह्यूने वाचला आणि ८५ काढून गेला. तंत्रही तेच, हॉक-आयचं. पण क्रिकेटने "अंपायर्स कॉल" ठेवला, म्हणजे कडेचा संशय मैदानावरच्या माणसाच्या पारड्यात. एबीएसमध्ये तेही नाही, चेंडू केसभर शिवला तरी स्ट्राइक. मोजमापात काही मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, मग केसभराच्या निकालावर एवढा विश्वास कशाला?

सिअ‍ॅटलकर
कारण तो काटा सगळ्यांना सारखा आहे. आज तसं नाही. ३-० (तीन बॉल, शून्य स्ट्राइक) असताना अंपायरांचा झोन फुगतो, ०-२ ला आकसतो, हे पिचच्या नोंदींतून कधीच दिसून आलंय. नव्या चौकटीची वरची रेषा बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. आता यँकीजचा सहा फूट सात इंचांचा बॅटर जज घ्या आणि पाच फूट सहा इंचांचा अल्टुवे घ्या. जजची खालची रेषा साधारण २१ इंचांवर येते, अल्टुवेची १८ च्या आत. म्हणजे १९ इंचांवरून गेलेला चेंडू अल्टुवेला स्ट्राइक आणि जजला बॉल. जज इतकी वर्षं त्याच उंचीच्या चेंडूंवर स्ट्राइक थ्री ऐकून मान हलवत परत गेलाय. मी यँकीजचा चाहता नाही, तरी ते बघवत नाही.

शनिवारची अंपायर, तुमचा कर्व्हबॉलचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. नियमपुस्तकातच सपाट चौकट लिहावी, असं माझं मत झालंय.

शनिवारची अंपायर
लिहिली तर माझी हरकत नाही. मुलांना एकच झोन शिकवता येईल.

पहाटेचा प्रेक्षक
हंगामाची पहिलीच मॅच यँकीज विरुद्ध जायंट्स आहे, सॅन फ्रान्सिस्कोत. म्हणजे बॅट घेऊन जज आणि त्याच्यामागे बसलेला बेली. आपल्याकडे २६ मार्चची पहाट. मी गजर लावून उठणार आहे, आणि जजने गुडघ्याखालच्या चेंडूवर हेल्मेटला हात लावला तर स्क्रीनआधी बेलीच्या ग्लव्हकडे बघणार आहे.