मदत हवी आहे: नदीकाठी तंबू किती लांब लावावा? शनिवारी निघतोय

ऐरोलीकरीण:
जागा ठरलीय, आगाऊ पैसे भरलेत. जंगलातला साधा तळ आहे, वीज नाही, पत्र्याचा एक संडास. मालक म्हणतो, तंबू पाण्याजवळ वाळूवरच लावून देतो, सगळे तिथेच झोपतात. नवऱ्याला पटलंय, मला नाही. पाण्यापासून किती लांब हवा? आणि शेकोटी चालते का? जागा बदला असं कृपया सांगू नका, लवकर सांगा.

घोडबंदरचा भटक्या:
कोणती नदी? बरोबर कोण? काहीच सांगितलेलं नाही. आणि एवढं लांब कशाला, आपलं ठाण्याचं येऊर आहे की.

कळवेकर काका:
येऊरच्या जंगलात तंबू? राष्ट्रीय उद्यान आहे ते, बिबट्यांचा वावर आहे. रात्री मुक्कामाला कोण राहू देणार? लहान मुलं असतील बरोबर, असं काही सुचवू नका.

घोडबंदरचा भटक्या:
काका, मी गावातल्या बंगल्यांबद्दल बोलतोय. जंगलात जा कुठे म्हटलं?

ऐरोलीकरीण:
येऊर नको हो. कोलाडजवळ आहे. आम्ही दोघं, 5 आणि 9 वर्षांची मुलं, सासूबाई. आता पाऊस नाही, म्हणजे पाणी वाढायचा प्रश्न नाही ना?

नेरुळचा नाखवा:
अजिबात नाही. थंडीत कोकणातल्या नद्या गुडघाभर होतात. निवांत झोपा. तंबू मात्र दोन पदरी घ्या, एकपदरी घेऊन लोक पस्तावतात. आमच्याकडे चौघांचा आहे, त्यात तिघंच मावतात.

रोहेकर:
नाखवादादा, थांबा. ताई, कोलाड म्हणजे कुंडलिकाच ना?

ऐरोलीकरीण:
हो, कुंडलिका. तंबू भाड्याचा आहे, विकत घ्यायचा नाहीये.

रोहेकर:
मग वाळूवर मुळीच झोपू नका. बाकीच्या बऱ्याच नद्या थंडीत आटतात, ही नाही. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेत सुटतं. त्या पाण्यावरच तर बारा महिने राफ्टिंग चालतं. वर आभाळ निरभ्र असलं तरी खाली पात्र भरतं. माझं माहेर तिथलं, लहानपणी धुणं धुणाऱ्या बायका पाणी आलं की हाका मारत वर पळायच्या.
किती फूट लांब, ते विचारू नका, उंची बघा. काठावरच्या झुडपांत वाळका पाचोळा आणि दोऱ्या अडकलेल्या दिसतील, पाणी तिथवर येऊन गेलंय. दगडांवर ओलीची रेघ असते, तीही बघा. तंबू त्याच्या बराच वर, मातीच्या उंचवट्यावर. उजेड असतानाच पोहोचा, अंधारात हे दिसत नाही.

नेरुळचा नाखवा:
भिऱ्याचं माझ्या ध्यानात नव्हतं. वीजघराचं किंवा धरणाचं पाणी सुटत नाही अशा नद्यांनाच माझं म्हणणं लागू आहे.

वाशीचा गाडीवाला:
पळस्प्याहून पेण-वडखळमार्गे जाताय ना? पहाटेच निघा, रस्त्याचं काम कधी संपणार देव जाणे. आमदारांना विचारून थकलो.

कळवेकर काका:
ते सोडा. शेकोटीचं ऐका. जागा राखीव वनात असेल तर विस्तव पेटवणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. मालकीची जमीन असेल तर मालकाला विचारून, खड्डा करून, आणि झोपण्याआधी बादलीभर पाणी ओतून. राख हाताला गार लागली पाहिजे.

ठाण्याची नर्स:
कुणी सापाचं बोललंच नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा फारसा दुखतही नाही. पोटात कळा, पापण्या जड होणं असं नंतर दिसतं. वाट न बघता 108 ला फोन, मांत्रिक नको, कापून चोखणं नको. तंबूची चेन कायम बंद, जाळीच्या खिडक्या उघड्या, नाहीतर श्वासाच्या वाफेनं आतून ओलं होतं. चपला आतच ठेवा.

ऐरोलीकरीण:
मालकाला फोन केला. आधी नाही म्हणाला, मग वर आंब्याखाली लावतो म्हणाला. नवऱ्यालाही हा धागा वाचायला दिला. सासूबाईंचं काय करू, त्यांना खाली बसून उठवत नाही.

रोहेकर:
वाडीत कुणाकडेही खाट मिळेल. आजच सांगून ठेवा.