वृद्धाश्रमातील एकटेपणा: प्रश्नावली आणि अहिराणी गाणी एकत्र वापरता येतील का?

तापीकाठ, शिरपूर:
धुळे जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात आम्ही काही जण नियमित जातो. तेथील रहिवाशांचा एकटेपणा समजावा म्हणून १९७८ साली अमेरिकेत तयार झालेल्या, २० विधानांच्या यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) एकटेपणा मापनश्रेणीचा मराठी अनुवाद आम्ही वाचून दाखवला, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने "बरं चाललंय" एवढेच उत्तर दिले. पुढे अखाजीची (अक्षय्य तृतीयेच्या सणाची) झोक्यावरची गाणी निघाली आणि त्याच आजी माहेर, शेताच्या वाटण्या, मुलांचे न येणारे फोन यांविषयी बराच वेळ बोलत राहिल्या. आता गाण्यांची बैठक नियमित घेऊन तिचा परिणामही तपासावा असा विचार आहे. मोजमापामुळे गाणे बिघडेल काय?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव:
शंका रास्त आहे. याच श्रेणीची तीन प्रश्नांची लहान आवृत्ती २००४ साली प्रसिद्ध झाली, ती वापरावी: सोबतीची उणीव भासते का, आपल्याला वगळले जाते असे वाटते का, इतरांपासून तुटल्यासारखे वाटते का. थेट "एकटे वाटते का" असे विचारले, तर मुलांची अब्रू राखण्यासाठी माणूस नाही म्हणतो; शिवाय व्यवस्थापक दाराशी उभे असतील, तर जेथे दोन वेळचे जेवण मिळते तेथील उणीव कोण बोलून दाखवील? म्हणून प्रश्न अहिराणीत, बाजूला बसून, दर वेळी एकाच व्यक्तीने विचारावेत, आणि गाणे चालू असताना कोणीही कागद काढू नये. एकटेपणा किती, हे आकडा सांगेल. एकीला मैत्रीण हवी असते, दुसऱ्याला हाताला काम हवे असते. हा फरक गाण्यानंतरच्या बोलण्यातच कळतो.

परिचारिका, अमळनेर:
गाण्याआधी कान तपासून घ्या. वयानुसार ऐकू येणे कमी होते, तेव्हा बहुधा उंच स्वर आधी जातात. स, श यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि गोंगाटात बोलणे समजत नाही. असा माणूस हळूहळू घोळक्यातून उठून जातो, आणि आपण त्याला तुसडा ठरवतो. कित्येकदा नुसता मळ काढल्यानेही फरक पडतो. पंखा बंद ठेवावा, अर्धवर्तुळात बसवावे, गाणे खालच्या पट्टीत धरावे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना "आठवतं का?" असे विचारू नये. अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९८ साली सुरू केलेल्या टाइमस्लिप्स पद्धतीत चित्र दाखवून "येथे काय चालले असेल?" असे विचारतात आणि येईल ते उत्तर कथेत घेतात. माहेरच्या गाण्याने कोणी रडले, तर बैठक फसली असे समजू नका. मात्र त्यानंतर लगेच निघून जाऊ नका.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी, धुळे:
गुण सुधारले तरी ते गाण्यामुळे की तुम्ही येता म्हणून, हे कसे ठरवणार? चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाबरोबर गाणी, दुसऱ्याबरोबर तेवढाच वेळ नुसत्या गप्पा, आणि दोन महिन्यांनी अदलाबदल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात कला आणि आरोग्य यांवरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा आहे, पण त्यांचा दर्जा सारखा नाही. तुमची संख्याही लहान असेल, म्हणून मोठे दावे टाळावेत.

तापीकाठ, शिरपूर:
आपणा सर्वांचे आभार. गट पाडताना जोडीच्या मैत्रिणी वेगळ्या होऊ नयेत, म्हणून खोलीनिहाय चिठ्ठ्या टाकू. आजोबांना झोक्याची गाणी परकी वाटतात. त्यांच्यासाठी वहीगायन (खानदेशातील लोकगायनाचा एक प्रकार) जाणणारे कोणी शिरपूर परिसरात असल्यास कृपया कळवावे.